हौसाक्का मागं बघायच्या नाहीत

हौसाक्का म्हशीच्या पुढे चालायच्या. हातात दावं नाही, काठी नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतून बाहेर पडायचं, सायकली, टांगे, भाजीच्या गाड्या यांच्यातून वाट काढत गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जायचं, आणि एवढ्या वाटेत एकदाही मान मागे वळवायची नाही. मधूनच "हं, चल माझ्या बाई," एवढंच. मागून काळीभोर म्हैस, शिंगांना तेल लावलेली, बाजारातून एखादी पाहुणी निघावी तशी रमतगमत यायची. लग्न होऊन मी त्या घरात गेले त्या आठवड्यात हे पहिल्यांदा पाहिलं. माझ्या मनात आलं, या बाई एक दिवस म्हैस हरवून बसणार.

"आक्का, ती मागे येते की नाही, तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं.

"खूर वाजत्यात की. आन् मागं बघितलं तर ती हुबी ऱ्हाती. तिला वाटतं, हिचाच माझ्यावर इस्वास न्हाय, मग मी कशाला चालू?"

हौसाक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शिरोळकडच्या ऊसवाल्या घरात दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. भावाकडे परत आल्या त्या एक रेडी घेऊन. सासरी काय काय राहिलं याबद्दल त्यांच्या तोंडून मी चकार शब्द ऐकला नाही. रेडी मात्र मागून घेतली होती. तिच्याच वंशातली ही काशी. कोल्हापुरातल्या जुन्या बायका बोलतात तसं आक्का स्वतःबद्दल "मी येतो, मी जातो" म्हणायच्या. उंच, रुंद खांद्यांच्या, आणि आवाज असा की परसात बोलल्या तर गल्लीच्या तोंडाशी असलेला सायकलवाला "काय आक्का?" म्हणून विचारायचा.

कट्ट्यावर आक्कांचा थाट वेगळा असे. गिऱ्हाईक समोर उभं, म्हैस समोर उभी, आणि पेल्यात थेट धार. फेसाचा पेला हातात देताना त्या म्हणायच्या, "बघून घ्या पावणं. डोळ्यांम्होरं धार काढली की भांडाण न्हाय." तालमीतली पोरं, त्यांचे बापू वस्ताद, बाजारातले हमाल, सगळे त्यांच्याकडे यायचे. कुणी दुधात पाणी असल्याचा संशय घेतला तर आक्का त्याला म्हशीच्या कासेखाली बसवून तोंड उघडायला सांगत. मी हे स्वतः पाहिलं आहे. तो माणूस नाकापर्यंत भिजला होता.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवतात, मोराची पिसं लावतात, गळ्यात कवड्या बांधतात. मालक पुढे हाक मारत पळतो आणि म्हैस त्याच्या आवाजामागे पळते. पुढे पुढे लोक मोटारसायकली घेऊन पळवायला लागले. आक्का मात्र शेवटपर्यंत नऊवारीचा काष्टा आवळून स्वतःच्या पायांनी पळाल्या. पहिल्या वर्षी लोक हसले असं म्हणतात. माझ्या वेळेपर्यंत हसायचं कुणाचं धाडस उरलं नव्हतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आक्कांना त्याचं मोठं नवल. "दिसभर माणूस न बघता बोलतीस. तुला म्हस जमंल बघ," असं त्या म्हणायच्या. माझा स्वयंपाक त्यांना कधी आवडला नाही. माझ्या चहाला त्या "रंगवल्यालं गरम पाणी" म्हणत आणि दोन कप पीत. आमचं पटायचं. दोघींनाही बसून रडायला वेळ नव्हता.

छातीत डाव्या बाजूला गाठ लागली तेव्हा आक्कांनी ती काशीवर घातली. शिंग लागलं म्हणाल्या, हळद लावली आणि सबंध पावसाळा काढला. मला कळलं ते न्हाणीत पाठ चोळून देताना. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी त्यांना मिरजेला नेलं. ऑपरेशन करून डावा स्तन काढला. मग विजेचा शेक सुरू झाला, त्यासाठी रोज मिरज. कातडी भाजल्यासारखी काळी पडली, डावा हात सुजून जड झाला. त्या हाताला ओझं नको, जखम नको, असं डॉक्टरांनी बजावलं. मला बाजूला घेऊन आणखी सांगितलं, "खोकला टिकून राहिला किंवा पाठ दुखायला लागली तर लगेच घेऊन या. तिथे पसरतो हा."

आमच्याकडे तेव्हा या आजाराचं नाव कुणी घेत नसे. "मिरजेचं दुखणं" म्हणायचे, तेही आवाज उतरवून. आक्का बऱ्या होऊन कट्ट्यावर गेल्या तेव्हा कुणीतरी विचारलं, "काय झालतं हो आक्का?"

"क्यान्सर," आक्का नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "एक काढून टाकला. दुसरा हाय अजून, काळजी नगं."

त्या दिवशी ज्यांच्या हातात पेले होते त्यांनी ते संपवले. दुसऱ्या दिवशी निम्मे आले नाहीत. मग गूळवाल्यांच्या सूनबाई घरचा पेला घेऊन यायला लागल्या, आणि पुढे त्याही बंद झाल्या. कासेला लागलेल्या हातातून आजार दुधात उतरतो, असं कुणीतरी ठरवलं होतं. बापू वस्ताद, ज्यांना आक्कांनी वीस-पंचवीस वर्षं दूध पाजलं, ते पलीकडच्या म्हशीकडे तोंड करून उभे राहायला लागले. आक्का एका उजव्या हाताने धार काढत आणि भरला पेला कट्ट्याच्या दगडावर ठेवून उभ्या राहत. फेस बसेपर्यंत कुणी यायचं नाही. मग ते दूध घरी यायचं, आणि मी त्याचं काय करायचं या विवंचनेत असायची. खवा तरी किती करणार?

मी घाबरट बाई नाही. गावोगावच्या मरणाच्या खबरा मी कानाला लावून जोडून दिल्या आहेत आणि लगेच पुढचा कॉल घेतला आहे. पण आक्कांच्या खोकल्याला मी भ्यायले. चुलीपाशी खोकल्या की वाटायचं, हा धुराचा. गोठ्यात खोकल्या की, हा कोंड्याचा. कारण सापडलं नाही की हातातलं काम थांबायचं आणि पुढचा खोकला येतो का म्हणून मी कान देऊन उभी राहायची. त्यांना ते कळत होतं. "मोजतीस व्हय?" असं एकदा आतून ओरडल्या.

थंडीच्या दिवसांत काही डॉक्टर आणि कॉलेजची मंडळी यांनी मिळून एक दौड ठरवली. रंकाळा तलावाला एक फेरी मारायची आणि जमलेल्या वर्गणीतून खेड्यांतल्या रोग्यांसाठी मिरजेत राहायला खोल्या करायच्या. आक्कांना हे तपासणीला गेल्यावर कळलं. त्यांच्या वॉर्डात गडहिंग्लजकडची एक तरुण बाई होती. शेक अर्ध्यात सोडून गेली, कारण रोज जाऊन-येऊन करणं शक्य नव्हतं आणि राहायला जागा नव्हती. तिचं पुढे काय झालं हे आक्कांनी विचारलं होतं. काय उत्तर मिळालं ते मला सांगितलं नाही.

घरी येऊन त्या म्हणाल्या, "मी पळणार हाय."

"आक्का, चालून जीव दमतो तुमचा. पळताय कुठल्या?"

"पाडव्याला पळतो की."

"ते आजाराआधी."

"मग आता आजारानंतर." त्यांनी भावाकडे बघितलं. माझा नवरा वर्तमानपत्रात डोकं घालून बसला होता. "बाळू, त्या दिवशी काशीला रंकाळ्याच्या चौपाटीवर आणून बांध. धार काढू नगंस. कास भरल्याली पायजे."

"दौडीत म्हशीचं काय काम?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय? तू सायकल काढ. तू म्होरं, मी मागनं. हाक मारत चलायचं. आन् मागं बघायचं न्हाय."

मी मिरजेच्या डॉक्टरांना एक्स्चेंजमधून फोन लावला. त्यांनी पळवू नका, हळू चालू द्या असं सांगितलं. मी ते आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "डागदर बरोबरच बोलतोय," आणि भावाचे कॅनव्हासचे बूट पायात घालून बघायला लागल्या.

दौडीच्या सकाळी प्रत्येकाला छातीवर टाचायला नंबराचं कापड दिलं. आक्कांनी ते डाव्या बाजूला, जिथे काही उरलं नव्हतं तिथे टाचून घेतलं. "हितं टोचायची भीती न्हाय," त्या नंबर लावणाऱ्या मुलीला म्हणाल्या. ती मुलगी रडवेली झाली. आक्कांनी तिला विचारलं, "न्ह्यारी केली न्हाईस व्हय?"

शिट्टी वाजली. कॉलेजची पोरं दिसेनाशी झाली, मग मास्तर, मग पोटं सुटलेले वकील. सगळ्यांच्या मागे आक्का, आणि त्यांच्या पुढे लेडीज सायकलवर मी. इतक्या सावकाश सायकल चालवायची म्हणजे दर क्षणाला पडायची भीती. शालिनी पॅलेसपर्यंत लोक होते, टाळ्या होत्या. काहीजण टाळी वाजवता वाजवता दोन पावलं मागे सरकत होते, तेही मला दिसलं. पॅलेस मागे पडला आणि तळ्याची पलीकडची बाजू सुरू झाली. तिथे कुणी नाही. एका अंगाला ऊस, एका अंगाला पाण्यावर पसरलेलं जलपर्णीचं केंदाळ.

"या आक्का. रस्ता मोकळा आहे. डावीकडे खड्डा आहे, उजवीकडून या." मी एक्स्चेंजमधल्या आवाजात बोलत होते. मागून बूट फटक फटक वाजत होते. मग खोकला. मग बूट. मग लांबलचक खोकला, आणि त्याच्यानंतर काहीच नाही. वाऱ्याने उसाची पानं सळसळत होती, त्यात मला बूट ऐकू येईनात. या रस्त्यावर ही बाई पडली तर मी काय करणार? सायकलवर घालून नेणार? बाळूला काय सांगणार?

मी मागे बघितलं.

आक्का पळत होत्या. माझी नजर त्यांच्या नजरेला भिडली तशा त्या जागच्या जागी थांबल्या. तोंड राखेसारखं, ओठ निळसर, सुजलेला हात उजव्या हाताने उचलून धरलेला.

"बघितलंस न्हवं? झालं. हुबी ऱ्हायली म्हस."

"आक्का, बास झालं. मी रिक्षा आणते. तुम्ही इथे सावलीत बसा."

"तुझ्या डोळ्यांत मी मेल्यालो दिसतो गं. त्ये बघून मी पळू कसा?" त्या बाभळीला टेकल्या. श्वास आत जात होता की नाही असं वाटावं इतका उथळ चालला होता. "मला आज मरायचं न्हाय. मला तितं जाऊन धार काढायची हाय. समदे डागदर आन् समदा गाव एका जागी परत कवा घावणार? व्याख्यान देऊन कोण ऐकतंय? डोळ्यांम्होरं पेला देणार. घेतला तर घेतला."

म्हशीचं कोडं मला तेव्हा उलगडलं. आणि मी जास्तच घाबरले. तो पेला कुणीच घेतला नाही तर? कट्ट्यावरच्या दगडावर पेला ठेवून उभ्या राहिलेल्या आक्का मी पाहिल्या होत्या. इथे तर अख्खा गाव असणार.

"मला भीती वाटते आक्का," मी म्हणाले. असं बोलायची मला सवय नाही.

"मग भी की. मी काय भ्यालो न्हाय व्हय? पर म्होरं बघून भी." त्यांनी काष्टा पुन्हा खोचला. "बस सायकलवर. हाक मार."

पुढचा रस्ता कसा गेला ते मला धड आठवत नाही. मी बोलत राहिले. बाजारभाव, ऑफिसातल्या भानगडी, चहाची कृती, जे सुचेल ते. बूट कधी पळत होते, कधी चालत होते, दोनदा थांबले. दोन्ही वेळा मी हँडल घट्ट धरून समोरच्या रस्त्याकडे बघत हाक मारली, आणि दोन्ही वेळा ते पुन्हा वाजले.

चौपाटीवर बक्षीस समारंभ संपत आला होता. आम्हाला बघून थोडी गडबड झाली, कुणीतरी ग्लुकोजचं पाणी आणलं. आक्कांनी ते बाजूला सारलं आणि सरळ काशीकडे गेल्या. काशी तटतटलेली कास घेऊन हंबरत होती. आक्का तिच्या पोटाला डोकं टेकून उकिडव्या बसल्या. काही क्षण तशाच होत्या, धार काढायचं नाव नाही. मग उजवा हात चालायला लागला. पेला भरला. त्या उठल्या आणि दौडीच्या प्रमुख असलेल्या, मुंबईहून आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंसमोर तो धरला.

"घ्या बाई."

माणसं गोळा झाली होती. कट्ट्यावरचे ओळखीचे चेहरे होते, गूळवाल्यांच्या सूनबाई होत्या, तालमीच्या पोरांबरोबर बापू वस्ताद होते. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "मावशी, घेतलं असतं हो. पण न तापवलेलं दूध मी घेत नाही. कच्चं दूध पिऊ नये."

बाईंचं बरोबर होतं. मी स्वतः घरात तापवल्याशिवाय दूध कुणाला देत नाही. पण मागच्यांना शब्द ऐकू गेले नाहीत, थांबलेला हात तेवढा दिसला. "डागदरीणच घेईना बघ," कुणीतरी म्हणालं. गर्दी अर्धं पाऊल मागे हटली. फेस पेल्यावरून ओघळून आक्कांच्या मनगटावर येत होता. त्यांनी पेला खाली घेतला नाही. मी पुढे व्हायला पाय उचलला, तर त्यांनी मान हलवून मला जागीच थांबवलं. घरच्या माणसाने पिऊन काय सिद्ध होणार होतं?

"काय म्हटलासा?" बापू वस्तादांचा आवाज आला. चुरगळलेल्या कानांचा तो अवाढव्य म्हातारा गर्दी बाजूला सारत पुढे आला. "कच्चं? आवो बाई, धारोष्ण दुधाला कच्चं म्हंतासा? माझ्या बाची हाडं ह्यावर झाली, माझी झाली. तापवल्यालं दूध आमच्यात आजाऱ्याला देत्यात!"

"वस्ताद, मी फक्त एवढंच म्हणत होते की..."

"मुंबईत ऱ्हाऊ दे त्ये. ह्ये कोल्हापूर हाय. आण गं हौसाक्का हिकडं. दाव ह्यास्नी."

आक्कांनी पेला दिला नाही. उलट जवळ घेतला. "का वस्ताद? इतकं दिस कुठं गेलतासा? तापवून पीत हुतासा व्हय?"

तालमीची पोरं फिस्सकन हसली. वस्ताद तांबडेलाल झाले. खाली बघितलं, मिशीवरून हात फिरवला. "चुकलं म्हण की," ते म्हणाले. "आता देतीस का न्हाय?"

त्यांनी एका दमात पेला रिकामा केला. मिशीला फेस तसाच ठेवून त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं आणि विचारलं, "मोठा पेला न्हाय व्हय?" मग पोरं पुढे आली, कारण वस्तादांनी घेतल्यावर मागे राहणं शक्य नव्हतं. डॉक्टरीणबाई मोठ्याने सांगत होत्या की हा आजार हातातून, पेल्यातून, दुधातून कुणालाही होत नाही. पुढचा पेला कुणाचा यावरून चाललेल्या भांडणात त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काशीची कास रिकामी झाली. बाईंनी डब्यातून थोडं दूध नेलं, आणि दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजला फोन करून मला सांगितलं, "तापवून प्यायले हं. मावशींना सांगा." मी सांगितलं. आक्का म्हणाल्या, "चव गेली आसंल."

सगळे काही परत आले नाहीत. गूळवाल्यांच्या सूनबाई शेवटपर्यंत आल्या नाहीत. पण दगडावर पेला ठेवून उभं राहायची वेळ आक्कांवर पुन्हा आली नाही.

मग एका पावसाळ्यात आक्का म्हणाल्या, "पाठीत उसण भरलीया." मी भाकरी थापत होते, ती तव्यावर टाकली. आमच्या दोघींपैकी कुणीही मागे वळून दुसरीच्या तोंडाकडे बघितलं नाही. सकाळी मिरजेची गाडी धरली. आता कापण्यासारखं काही नव्हतं.

त्या वर्षीच्या पाडव्याला त्यांना खाटेवरून उठवत नव्हतं. काशीला पळवायचं कुणी? त्यांनी मला हुकूम केला. मी ऑफिसची पातळ साडी नेसून, सायकलवर बसून, अख्ख्या मंगळवार पेठेसमोर म्हैस पळवली. घरी आले तेव्हा त्या खिडकीला तोंड करून पडल्या होत्या.

"मागं बघितलंस?"

"नाही."

"भ्यालीस?"

"खूप."

"आन् म्हस?"

"आली."

"मग झालं तर," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. मार्गशीर्षात त्या गेल्या.

म्हशीला कुणाच्या मरणाशी कर्तव्य नसतं. कास भरते, धार काढावीच लागते. दिवस-कार्य उरकल्यावर पहिल्याच संध्याकाळी बाळू दावं घेऊन निघाला, तर काशी गोठ्यातून हलेना. मी दावं काढायला लावलं आणि पुढे चालायला लागले. "हं, चल माझ्या बाई," मी एक्स्चेंजमधल्या आवाजात म्हणाले, कारण माझ्याकडे दुसरा आवाज नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत मागून खूर वाजत होते. सायकलच्या दुकानापाशी ते थांबले.

तिथे गर्दी होती, एक ट्रक उभा होता. काशी वळली असेल, घरी निघाली असेल, चाकाखाली गेली असेल, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पाठ ताठ करून मी समोरच्या गंगावेशीच्या रस्त्याकडे बघितलं, आणि पुन्हा हाक मारली.

मग खूर वाजायला लागले.